वर्षभर महाबळेश्वर

डिसेंबर संपत आला की फोन आपल्याला न विचारता एक चित्रफीत बनवतो. मागे हळवा पियानो वाजू लागतो आणि वर्षभरातले फोटो एकात एक विरघळत पुढे सरकतात. यंदाची माझी चित्रफीत पाहून भाचा म्हणाला, "मामी, तू वर्षभर एकाच कठड्याला टेकून उभी होतीस का गं?" पोराचं निरीक्षण बरोबर होतं. लोखंडी कठडा तोच, मागची दरी तीच, बहुतेक ठिकाणी ओढणीही तीच. शेजारची माणसं तेवढी बदलत होती.

यंदा ज्यांच्या ज्यांच्याबरोबर म्हणून सुट्टी काढली, त्या सगळ्यांबरोबर महाबळेश्वरलाच गेले. तसं कुणी ठरवलं नव्हतं. पुण्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आत, शनिवार-रविवारात उरकणारं, आणि मुख्य म्हणजे घरातल्या एकाचाही ज्याला ठाम विरोध नाही, असं ठिकाण शोधायला बसलं की बोट तिथेच पडतं. महाबळेश्वर कुणाच्याच पहिल्या पसंतीचं नसतं. ते सगळ्यांच्या तिसऱ्या पसंतीचं असतं, आणि निवडून नेहमी तेच येतं.

साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी १८२९ साली हा डोंगर इंग्रजांना दिला आणि बदल्यात खंडाळा गाव घेतलं. लोणावळ्याच्या शेजारचं नव्हे, खंबाटकीच्या पायथ्याचं. मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने दमल्याभागल्या गोऱ्यांसाठी वर वसाहत उभी केली. गोरे गेले. दमलेली माणसं पुरवायचं काम तेव्हापासून पुण्या-मुंबईकडे आलं आणि ते आम्ही चोख बजावतो आहोत. मात्र पुन्हा पुन्हा त्याच घाटाने वर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की नकाशावर महाबळेश्वर एकच दाखवलेलं असलं तरी त्यावर फारसा विश्वास ठेवू नये. तिथे काय आहे, हे गाडीत कोण आहे यावर ठरतं.

कॉलेजच्या मित्रमैत्रिणींबरोबर गेले तो बेत मुळात व्हिएतनामचा होता. पावसाळ्यात कुणीतरी गटावर हालाँगच्या उपसागराचा फोटो टाकला, त्यावर सगळ्यांनी हृदयं टाकली, एकाने तर पासपोर्टही शोधून काढला. मग एकाची मुलगी बारावीत असल्याचं त्याच्या बायकोने उघड केलं आणि व्हिएतनामचं अंदमान झालं. दिवाळीच्या तोंडावर विमानाची भाडी पाहून अंदमानचं गोकर्ण झालं. पुढे एकाच्या आईचा गुडघा निघाला, एकीचं ऑडिट निघालं, आणि 'काही झालंच तर तीन तासांत घरी परतता आलं पाहिजे' अशी अट पुढे आली. तीन तासांची अट घातली की जगात फार जागा उरत नाहीत.

जानेवारीत पाचगणीच्या अलीकडे एक बंगला भाड्याने घेतला. समोर कृष्णेचं खोरं, खाली धोम धरणाचं पाणी चकाकतंय, आणि आम्ही सगळे त्याकडे पाठ करून बसलेलो. एके काळी याच मंडळींनी राजगडावर उघड्यावर रात्र काढली होती. आता प्रत्येकाने उशी घरून आणली होती. बोलण्याचे विषय क्रमाने बी-ट्वेल्व्ह, डी-थ्री, मुलांचे क्लास आणि पुन्हा बी-ट्वेल्व्ह. गटात एक डॉक्टर असला की सहलीची ओपीडी व्हायला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत त्याने दोघांचे खांदे, एकीचा तीळ आणि चौघांचे रिपोर्ट पाहिले होते. बाहेर पडलो ते फक्त भिलारला, कारण आमच्यातल्या वाचणाऱ्या मित्राने हट्ट धरला. २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात, कुणीही आत जाऊन बसावं आणि वाचावं. तो एका ओसरीवर बसला तो उठेचना. आम्ही बाहेर स्ट्रॉबेरी क्रीमचे दोन दोन पेले संपवले आणि शेवटी त्याला आणायला माणूस पाठवला. पॉइंट म्हणून एकही पाहिला नाही. पुण्याला परतल्यावर हिशेबाच्या ॲपवर मात्र आठवडाभर धुमश्चक्री चालली. एकाने अंडी खाल्ली नव्हती आणि त्याला ते सिद्ध करायचं होतं.

मे महिन्यातलं महाबळेश्वर हे याच्याशी काहीही संबंध नसलेलं गाव आहे. तिथे सासरची मंडळी जातात.

सतरा जणांची टेम्पो ट्रॅव्हलर, त्यात सासू-सासरे, दीर-जाऊ, नणंद आणि तिचे यजमान, सगळ्यांची मुलं, आणि 'मी काय, कोपऱ्यात बसेन' म्हणत ऐनवेळी आलेल्या आतेसासूबाई. कोपऱ्यात बसणाऱ्या माणसाला खिडकी लागते, हे गाडी सुटल्यावर कळतं. पहाटे साडेपाचला निघायचं ठरलं होतं. त्यामुळे साडेआठला निघालो. कात्रजचा बोगदा संपायच्या आत चकलीचा डबा उघडला. सासरे पुढे चालकाशेजारी. चालक मूळचा वाईचा, पण त्याला खंबाटकीपासून पसरणीपर्यंतचा रस्ता सासऱ्यांनी शिकवला. तोही बिचारा प्रत्येक वळणावर 'हो का?' म्हणत होता. दीर गाडीत बसल्यापासून भावांची तुलना करत होते. म्हणजे वस्तूंच्या भावांची. शिरवळचा वडापाव पुण्यापेक्षा महाग आणि वाईची हळद मार्केट यार्डापेक्षा स्वस्त, पण नेण्याचा खर्च धरला तर तेवढीच. असं सगळं जग त्यांनी मार्केट यार्डाशी ताडून ठेवलेलं आहे.

वाईला थांबणं भाग होतं. "ढोल्या गणपती ओलांडून कसं जायचं?" हा आतेसासूबाईंचा प्रश्न, आणि त्याला उत्तर नसतं. गणपती झाला तसा मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आला, कारण तिथल्या घाटावर 'स्वदेस'चं चित्रण झालं होतं आणि जाऊबाईंना बरोबर त्या पायऱ्यांवर फोटो हवा होता. सिनेमा २००४ चा. मुलांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी घाटाच्या पायरीवर बसून वायफाय शोधला. पसरणीच्या घाटात ज्यांना उलट्या व्हायच्या त्यांना झाल्या. ज्यांना होत नाहीत त्यांनी 'पोटात काही नसलं की होतं असं' म्हणत त्यांना पुन्हा चकली दिली.

पाचगणी ते महाबळेश्वर हे अंतर विसेक किलोमीटर आहे. मे महिन्यातल्या शनिवारी ते किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. वेण्णा तलावाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली आणि आम्ही त्या रांगेत राहायला गेलो. शेजारच्या गाडीतल्या कोल्हापूरच्या कुटुंबाशी एवढी ओळख झाली की त्यांच्या पुतण्याला आणि आमच्या चुलतनणंदेच्या मुलीला एकमेकांची पत्रिका पाहायला हरकत नाही असं ठरलं. तलाव साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ साली बांधून घेतला, ही माहिती सासऱ्यांनी त्या दोन्ही गाड्यांना दिली. १९७२ साली आपण इथे आलो होतो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, ही माहितीही दिली. सासऱ्यांच्या १९७२ मध्ये सगळीकडे शुकशुकाट आहे आणि मक्याचं कणीस चार आण्याला आहे. मला एकदा तिथे सहल काढायची आहे.

मग पॉइंट. कुटुंबाबरोबर गेलं की पॉइंट चुकवता येत नाहीत. पैसे दिलेले असतात, आणि गाइड यादीवर खूण करत असतो. पण पूर्ण कुटुंबाने एकत्र एक पॉइंट पाहिला, असं मात्र कधी होत नाही. एकीचा गुडघा दुखतो म्हणून ती गाडीत थांबते, तिला सोबत म्हणून दुसरी थांबते, दुसरीचा नवरा शेंगा आणायला जातो, आणि फोटो काढणारा फोटोत नसतो. म्हणून कठड्यावरच्या त्या फोटोत दरवेळी वेगवेगळं कुटुंब दिसतं.

आतेसासूबाईंना दऱ्यांमध्ये रस नव्हता. त्यांना साहेबांच्या संसारांमध्ये होता. केट्स पॉइंटला गाइड म्हणाला, केट म्हणजे माल्कमसाहेबाची मुलगी. "लग्न कुठे झालं तिचं?" आतेसासूबाईंनी विचारलं. गाइडच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न नवीन असावा. तो हत्तीच्या सोंडेसारखा दिसणारा कडा दाखवू लागला. आर्थरसीटला ती प्रसिद्ध करुण कथा झाली. आर्थर मॅलेटची बायको आणि लेकरू पाण्यात बुडून गेलं आणि तो इथे बसून खाली सावित्रीच्या खोऱ्याकडे बघत राहायचा, असं सांगतात. आतेसासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "दुसरं केलं का मग त्याने?" बाँबे पॉइंटला त्यांनी थेट विचारलं, "इथून मुंबई दिसते का?" नाही म्हटल्यावर त्या गाडीतून उतरल्याच नाहीत. मुंबईला जाणारा जुना रस्ता तिथून जायचा म्हणून ते नाव पडलं, हे मी सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "मग आमच्या स्वारगेटला मुंबई पॉइंट का नाही म्हणत?"

आर्थरसीटला आणखी एक खेळ असतो. दरीतून वारा असा वर झेपावतो की हलकी वस्तू खाली टाकली तर परत येते. गाइडने बाटलीचं झाकण टाकून दाखवलं. ते खरंच तरंगत वर आलं. टाळ्या वाजल्या. लगेच धाकट्या पुतण्याने आजोबांची टोपी टाकली. बराच वेळ सगळे कठड्यावरून वाकून वाट पाहत होते. "टोपी जरा जड होती," गाइड म्हणाला. सासऱ्यांनी ती १९७२ नंतर केव्हातरी घेतलेली होती, एवढंच त्यांच्या बोलण्यातून कळलं. पुढचे दोन पॉइंट ते बोलले नाहीत.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात मात्र सगळे उतरले, गुडघ्यांसकट. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री एका गोमुखातून येतात म्हणतात. तिथून सावित्री सरळ कोकणात उतरून बाणकोटला समुद्राला मिळते, आणि कृष्णा उलट्या दिशेला निघून बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. आमचं कुटुंब त्याच देवळातून बाहेर पडलं आणि जेवायला कुठे जायचं यावर तसंच फुटलं. एक शाखा गुजराती थाळीकडे, एक पावभाजीकडे, सासूबाई 'साधा वरणभात मिळेल तिथे' अशा दिशेला, आणि दीर 'हॉटेलपेक्षा खानावळ निम्म्यात पडते' म्हणत मागल्या गल्लीत. वेण्णा माहुलीला आणि कोयना कऱ्हाडला पुन्हा कृष्णेत येऊन मिळते. आमचा संगम रात्री खोलीत झाला, गरम पाणी आधी कुणाला यावर.

ऑगस्टमध्ये नवऱ्याबरोबर लग्नाच्या वाढदिवसाला गेले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण काही दिसलं नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आमच्या टॅक्सीवर पडत होता. पण टॅक्सीवाला प्रामाणिक. पैसे घेतलेत तर पॉइंट दाखवणारच. कठड्याशी छत्री धरून उभा राहिला आणि समोरच्या पांढऱ्याफेक शून्याकडे हात करून म्हणाला, "हे उजवीकडे प्रतापगड. त्याच्या खाली जावळीचं खोरं. तिकडे मकरंदगड." नवरा गंभीरपणे मान हलवत होता. मध्येच त्याने "केवढा जवळ वाटतो नाही?" असंही म्हटलं. लग्न टिकायला लागणारी सगळी सामग्री या माणसाकडे आहे, हे मला त्या क्षणी पटलं. हॉटेलात गादी दमट, टॉवेल दमट, काडेपेटी पेटत नव्हती. पण नुसत्या धुक्याकडे बघताना मतभेदाला जागाच राहत नाही, त्यामुळे सहल छान झाली असं आम्ही दोघंही सांगतो.

आणि दिवाळीनंतर आईच्या भिशी मंडळाबरोबर. मला 'सोबत' म्हणून नेलं होतं. सगळ्या सत्तरीच्या अल्याडपल्याडच्या, कुणी पडलं-झडलं तर तरुण माणूस हवं. तरुण माणूस म्हणजे मी, वय वर्षं सत्तेचाळीस.

या सहलीचं मूळ महाबळेश्वरात नव्हतं, एसटीच्या तिकिटात होतं. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि त्याच्या आदल्या वर्षापासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट. या दोन निर्णयांनी आमच्या सोसायटीतल्या स्त्रीजीवनात जी खळबळ उडवली तिची नोंद कुठल्याच अहवालात सापडायची नाही. ज्या काकूंचं वय त्यांच्या सुनांना लग्नानंतर वीस वर्षांत कळलं नव्हतं, त्यांनी स्वारगेटला गाडी लागायच्या आत आधार कार्ड काढून हातात धरलं होतं. सगळ्यात थोरल्या काकू केस काळे करतात. कंडक्टरने त्यांच्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. "वाटत नाही," तो म्हणाला. त्या वाक्यावर काकू वाईपर्यंत खूश होत्या.

गाडीत जागा धरण्याची कला मला इतक्या वर्षांनी पुन्हा पाहायला मिळाली. आरक्षण होतं, तरी खिडकीतून रुमाल आत गेलेच. सवय. खंबाटकी चढताना तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, दाण्याची चटणी आणि लिंबाचं गोड लोणचं असा बेत पुढच्या-मागच्या आसनांवरून फिरला आणि अनोळखी प्रवाशांनाही वाढला गेला. पसरणीच्या घाटात मळमळायला लागलं ते फक्त 'सोबती'ला. क्षणात माझ्या तोंडात आवळासुपारी, हातात आलेपाक, कपाळाला बाम आणि नाकाशी कापलेलं लिंबू अशी चारी बाजूंनी तजवीज झाली. पुढे दोन दिवस 'पोरीला जपा गं' हे सहलीचं घोषवाक्य राहिलं.

त्यांच्याबरोबरचं महाबळेश्वर म्हणजे बाजारपेठ. देवदर्शन सकाळी सातला उरकलं, दऱ्या वाटेत जेवढ्या आपणहून दिसल्या तेवढ्या पाहिल्या, आणि नऊला पेठेत. इथल्या दुकानात चणे चाखायला देतात. लसणाचे, पुदिन्याचे, लिंबाचे, शेजवान नावाचे. मंडळाने पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत सगळे चाखले, आपसात गंभीर चर्चा केली, आणि शेवटी सर्वांत मिळून पाव किलो खारे घेतले. चाखण्यातच नाश्ता झाला होता. चपलांच्या दुकानात एका काकूंनी अठरा जोड काढायला लावले आणि म्हणाल्या, "छान आहेत, पण मला पायात काही घालायची आवड नाही." मधाच्या दुकानदाराला आईने जांभळाचा मध खरा कसा ओळखायचा ते समजावून सांगितलं. त्याने तिला खुर्ची दिली.

दुपारी वेण्णा तलावावर नाव. वल्ह्याची, कारण पायाने मारायच्या नावेत गुडघे. नाव मधोमध गेल्यावर भोंडल्याची गाणी सुरू झाली. भोंडला होऊन महिना लोटला होता, पण तशी वेळ पाहायला तिथे कोण बसलंय! शेजारच्या नावेतलं नवपरिणीत जोडपं एकमेकांचा फोटो काढायचं सोडून यांचा काढू लागलं. नावाडी वल्हं थांबवून ठेका धरत होता आणि वेळ संपल्याची शिट्टी काठावरून वाजत होती, ती कुणालाच ऐकू आली नाही. निम्म्यांना खरोखरच ऐकू येत नाही. सूर्यास्ताला त्यांनी अर्धा मिनिट दिला. "आपल्या गच्चीतून असाच दिसतो," असा निकाल लागला आणि सगळ्या पाठमोऱ्या होऊन भुट्टेवाल्याकडे गेल्या. कठड्याशी मी एकटीच राहिले. फोनच्या चित्रफितीत शेवटी आला तो हाच फोटो. खाली त्याने स्वतःच्या मनाने 'निवांत क्षण' असं लिहिलं आहे. मागे भावावरून चाललेली घासाघीस फोटोत येत नाही.

परतीच्या गाडीत खटका उडाला. एका काकूंना अर्धं तिकीट द्यायला लागत होतं आणि ते त्यांना मान्य नव्हतं. कार्डावर चौऱ्याहत्तर होतं. काकूंचं म्हणणं, आपण खऱ्या पंचाहत्तर पूर्ण. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजे एक जून ही तारीख आणि सोयीचं साल लावलं, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आपला जन्म आदल्या वर्षीच्या नागपंचमीचा. साक्षीदार हवा तर मोठी बहीण आहे, फलटणला. कंडक्टर सज्जन माणूस. सुरूरच्या फाट्यापर्यंत त्याने सगळं ऐकून घेतलं. "आजी, नागपंचमी खरीच असेल," तो म्हणाला, "पण यंत्रात एक जूनच आहे." मग काकूंनी मैत्रिणींकडे पाहिलं. ज्या बाईने आयुष्यभर वय लपवलं तिचं एक वर्ष सरकारने खाल्लं, या अन्यायावर शिरवळपर्यंत सगळ्या एक झाल्या.

पुढच्या वर्षीची सहल तिथेच ठरली. दोन जूनला निघायचं. आईने सगळ्यांकडून शंभर शंभर रुपये घेऊनही टाकले. जूनमध्ये वर पाऊस असतो, धुकं असतं, कठड्याच्या पलीकडे हातभरही दिसत नाही, हे मी जीव तोडून सांगितलं. काकूंनी माझ्या हातावर एक आवळासुपारी ठेवली. "बघायचंय काय?" त्या म्हणाल्या, "फुकट आहे ना!"